योसेमिटी कॅम्प: जनरेटरबाबत सूचना

मंडळी, येत्या शुक्रवारी आपण ट्रेलर घेऊन योसेमिटीच्या अपर पाइन्स कॅम्पग्राउंडला मुक्कामाला चाललोय. तिथे वीज नाही. जनरेटरच्या वेळा ठरलेल्या आहेत: सकाळी ७ ते ९, दुपारी १२ ते २, संध्याकाळी ५ ते ७. बॅटऱ्या तेव्हाच चार्ज करा.

– जनरेटर दारं-खिडक्यांपासून किमान २० फूट लांब ठेवा. धुराचं तोंड ना आपल्याकडे, ना शेजाऱ्यांकडे. पाऊस आला तरी छताखाली घेऊ नका, बंद करा.

– जनरेटरच्या धुरातल्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. मागच्या खेपेला वारा फिरला आणि पोहे परतताना आमचा अलार्म वाजला, म्हणून कळलं. निघण्याआधी अलार्मचं बटण दाबून बघाच.

– डोकं दुखलं, मळमळलं तर आधी सगळे बाहेर या, मग ९११ ला फोन करा.

– पेट्रोल जनरेटर थंड झाल्यावरच भरा.