डबल दिलात ते ठीक, पण कुठला?

संपादक साहेब,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत ब्रिजचं कोडं आलं होतं. पेपरात अजून ब्रिजला अर्धा कॉलम मिळतो याचंच अप्रूप आहे, त्यामुळे तक्रार करायची जिवावर येतंय, पण उत्तर वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोच.

कोडं असं होतं (ब्रिजमध्ये आधी बोली लागते: १ चौकट म्हणजे चौकट हुकूम धरून ७ हात करतो, आणि समोरच्यांच्या बोलीवर डबल म्हणजे मुळात तुम्ही बुडाल, गुण वाढवा). तुमच्या पार्टनरने १ चौकट बोललंय, मधल्याने, म्हणजे समोरच्या जोडीतल्या एकाने, १ इस्पिक, आणि तुमच्या हातात इस्पिकचे एक्का, राणी, दश्शी, अठ्ठी, पंजी अशी ५ पानं, बदामची २ लहान, चौकटचा राजा धरून ३ आणि किलवरचा गुलाम धरून ३. काय बोलाल? छापलेलं उत्तर: डबल, समोरच्यांना सोडू नका. अहो, आज कुठल्याही टेबलावर या पानांवर डबल दिलात तर पार्टनर समजणार की तुमच्याकडे बदामची ४ पानं आहेत. त्याच्याकडे बदाम असले की तो खुशाल २ बदाम बोलणार, मग तुम्ही तुमची २ लहान बदामं टेबलावर उघडायची आणि त्याचं तोंड बघायचं.

याला निगेटिव्ह डबल म्हणतात. अल्विन रॉथ या अमेरिकन खेळाडूने तो १९५७ साली चालू केला, आणि त्याच वर्षी रशियाचा स्पुटनिक वर गेला म्हणून त्याला स्पुटनिक डबल असंही नाव पडलं. त्याआधी पार्टनर बोललेला असताना तुम्ही डबल दिलात की तो सरळ मारायचा डबल असायचा, म्हणजे समोरच्यांना बुडवून दंड (पेनल्टी) घ्यायचा, तुमचा कोडेवाला बहुतेक तिथेच थांबलाय. हे बदललं का, तर साधा हिशोब आहे. समोरच्याने जो रंग बोलला नेमका त्याच रंगाची ५ तगडी पानं आपल्या हातात, असं कितीदा होतं? फार थोडं. उलट मधल्याने इस्पिक बोलून आपली वाट अडवली, हातात बदामची ४ पानं आहेत, ८-९ पॉइंट आहेत (एक्का ४, राजा ३, राणी २, गुलाम १ असे मोजतात), पण २च्या लेव्हलला बदाम बोलण्याइतका जोर नाही, असं सारखं होतं. मग क्वचित लागणाऱ्या कामासाठी डबल राखून कशाला ठेवायचा?

म्हणजे इस्पिकवाल्याला फुकट सोडायचं का? तर नाही, आणि मला यातली हीच गोष्ट सगळ्यात आवडते. तुम्ही पास द्यायचा, चेहरा कोरा ठेवून. पुढचा पास देतो, बोली फिरून पार्टनरकडे येते, त्याच्याकडे इस्पिकचं एखादंच पान असतं, तो विचार करतो की इस्पिक माझ्याकडे नाहीत, इस्पिकवाल्याचा भिडूही वाढवत नाही, मग उरलेले गेले कुठे? आणि तो डबल देतो. तो टेकआउट डबल, म्हणजे तू काहीतरी बोल. तुम्ही परत पास. आता झाला तो पेनल्टी! ३ हात बुडाले तर ५००, आणि ते व्हल्नरेबल असले, म्हणजे त्या डावात त्यांना दंड आणि बक्षीस दोन्ही जास्त असले, तर ८००. एकच डबल, देणाऱ्याच्या मनात एक आणि पास देणाऱ्याने त्याचं केलं दुसरंच, आणि दोघंही बरोबर. तर कोड्याचं खरं उत्तर होतं पास.

मी काही मोठा खेळाडू नाही, माझी स्वतःची फजितीही सांगतो. डाव्या बाजूने १ बदाम, माझ्या भिडूने डबल, उजवीकडून २ बदाम, आणि मी डबल. माझ्याकडे चौकट ४, किलवर ४, एकूण ८ पॉइंट. मला म्हणायचं होतं की माझ्याकडे दोन्ही खालचे रंग आहेत, तुला जो बरा वाटतो तो बोल, याला रिस्पॉन्सिव्ह डबल म्हणतात. भिडूने मान डोलावली आणि पास दिला. त्याला वाटलं मला बदामात घबाड लागलंय. घबाड कसलं, ३ लहान पानं होती. त्यांनी बरोबर ८ हात केले. डबल नसता तर ११० गेले असते, ते व्हल्नरेबल होते त्यामुळे गेले ६७०, कारण डबलमध्ये २ बदामचे ६० चे १२० होतात आणि १२० म्हणजे गेम (१०० किंवा जास्त), त्याचे ५०० वर, शिवाय आपण उगाच डबल दिला म्हणून ५० वेगळे. परत येताना आम्ही दोघं एक शब्द बोललो नाही.

नंतर शांतपणे बसून आम्ही ठरवलं की समोरच्या दोघांचा एका रंगात मेळ जमलाय आणि बोली अजून खाली आहे तर आपला डबल मारायचा नाही. दोघांना मिळून ८ हुकूम असलेल्या माणसांना २ च्या लेव्हलला मारायला जाणं म्हणजे भिंतीवर डोकं आपटणं. १ नोट्रम्पला (बिनहुकमी बोलीला) दिलेला मात्र आमच्यात अजून पेनल्टीच. भिडूने एका लांब रंगावर थेट ३ च्या बोलीने उघडून आपली सगळी कहाणी एकदाच सांगून टाकली असेल तर त्यानंतर माझा डबल मारायचा, त्याने गप्प बसायचं. आणि स्लॅमला (१२ किंवा १३ हातांच्या बोलीला) दिला तर तो लाइटनर, म्हणजे नेहमीची उतारी करू नकोस, काहीतरी वेगळं पान टाक. सपोर्ट डबल म्हणून अजून एक आहे, उघडणारा त्याने सांगतो की तुझ्या रंगाची माझ्याकडे बरोबर ३ पानं आहेत, त्यात मी अजून गडबडतो म्हणून जास्त बोलत नाही.

आणि ते आवाजाचं. घरगुती डावात किती जण मारायचा असला की दणक्यात "डबल!" म्हणतात आणि टेकआउट असला की हळूच, प्रश्न विचारल्यासारखं. नियमात हे बसत नाही, भिडूच्या सुरावरून किंवा तो किती वेळ अडला त्यावरून अर्थ लावायचा नाही. बिडिंग बॉक्समधलं (न बोलता बोली दाखवायच्या कार्डांच्या डब्यातलं) लाल एक्सचं कार्ड त्यासाठीच बरं, त्याला सूरच नाही. आणि आमचं दोघांचं जे ठरलंय ते समोरच्यांनाही विचारलं तर सांगावं लागतं, गुपित ठेवता येत नाही.

तर विनंती एवढीच की पुढच्या कोड्यापासून चारही जणांची पूर्ण बोली छापा आणि खाली एक ओळ टाका की या जोडीत डबलचा अर्थ काय ठरलाय. जागा नसेल तर पानांची चित्रं लहान करा, चालेल. आणि गेल्या रविवारची दुरुस्ती जमलं तर येत्या रविवारीच छापा, कारण माझ्या भिडूने ते कात्रण कापून ठेवलंय आणि आम्ही ठरवलेलं मोडायचं म्हणतोय, पेपरात आलंय म्हणून.

आपला,
रविवारची पुरवणी मागून वाचणारा एक वाचक