मुरड घातलेला चेरी पाय

ती. शेजारच्या आजींस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुम्हांला वाचता येणार नाही, हे ठाऊक असूनही मराठीत लिहिते आहे. रविवारी फोनवर ते इंग्रजीत वाचून दाखवीनच. पण आठ वर्षांत तुम्हांला 'थँक यू' इतक्या वेळा म्हणून झालं आहे, की मला जे म्हणायचं आहे ते आता त्या दोन शब्दांत मावत नाही. शिवाय माझ्या बहिणी आणि मैत्रिणी सारखी चेरी पायची, म्हणजे मैद्याच्या पारीत चेरीचं सारण भरून ओव्हनमध्ये भाजतात त्या गोड पदार्थाची, कृती विचारतात. कृती सांगायची तर आधी तुमच्याबद्दल सांगायला हवं.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या ट्रॅव्हर्स सिटीतला आमचा तो पहिला जुलै. सामानाची खोकी अजून उघडायची होती आणि तुम्ही मागच्या दारात लाल चेरींनी भरलेली बादली घेऊन उभ्या होतात. मला चेरी माहीत होती ती बेकरीतल्या केकवरची. ती बहुधा पाकात मुरवून रंगवलेलं करवंद असते, म्हणजे आमच्या रत्नागिरीच्या सड्यावरचंच फळ, हेसुद्धा मला फार उशिरा कळलं. तुमच्या बादलीतली एक तोंडात टाकली आणि आंबटपणाने डोळे मिटले. मला वाटलं, कच्ची आहे. तुम्ही म्हणालात, ही मॉन्मोरन्सी, ही अशीच असते, ही ओव्हनसाठी असते. काळ्या गोड चेरी नुसत्या खायच्या, भट्टीत त्यांची चव झोपते. मला लगेच पटलं. आमच्याकडेही हापूस पिकायला ठेवतात आणि लोणच्याला रायवळ कैरी शोधतात.

मग तुम्ही विचारलंत, केसांचा आकडा आहे का? मी अंबाड्यातला काढून दिला. तुम्ही तो गरम पाण्याने धुतलात, त्याचं वाकडं टोक देठाच्या जागी आत सरकवलंत, जरासं फिरवलंत, आणि बी अख्खी बाहेर! चेरी मात्र जशीच्या तशी गोल. त्या संध्याकाळी आपण दोघींनी पायरीवर बसून सगळी बादली संपवली. मनगटापर्यंत रस ओघळला होता. माझ्या पांढऱ्या ओढणीवरचा डाग अजून गेलेला नाही, आणि ती ओढणी मी टाकलेली नाही.

तुम्हांला न सांगता केलेला पहिला चेरी पाय बिघडला. मी मैदा कणकेसारखा दहा मिनिटं मळला होता, तेलाचा हात लावून झाकून ठेवला होता. पारी चिवट झाली. आणि ओव्हनमधून काढल्या काढल्या सुरी लावली, तर सगळा रस ताटात. तुम्ही आपल्या वाटणीचा तुकडा पूर्ण खाल्लात आणि निघताना म्हणालात, उद्या नऊ वाजता माझ्या स्वयंपाकघरात ये.

ती सकाळ मला मिनिटामिनिटाने आठवते. अडीच कप मैदा, चमचाभर मीठ आणि फ्रिजमधून नुकतं काढलेलं 225 ग्रॅम लोणी. लोणी बोटांच्या टोकांनीच चुरायचं, तळहात लागू द्यायचा नाही, कारण तळहाताला ऊब असते. काही तुकडे वाटाण्याएवढे राहायलाच हवेत. मग बर्फाचं पाणी, एकेक मोठा चमचा, सहा ते आठ चमचे, गोळा जेमतेम जमेपर्यंत. मी दोनदा नकळत मळायला लागले आणि दोन्ही वेळा तुम्ही काही न बोलता माझ्या मनगटावर हात ठेवलात. गोळ्याचे दोन भाग करून तासभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर तुम्ही कारण सांगितलंत. लाटताना लोण्याचे तुकडे पिठात चपटे होतात, ओव्हनच्या आचेत त्यांतल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ पदर उचलते. मळलं तर पिठाला ताण येतो. तो ताण पोळीला हवा, इथे नको.

तेव्हा मला आईचा साटा आठवला. साट्याच्या करंज्यांना ती तूप फेसून त्यात तांदळाची पिठी घालते, एकावर एक ठेवलेल्या पोळ्यांना ते लावते, गुंडाळी करते, कापते, पुन्हा लाटते. तळताना पदर सुटतात. मी हे हातवारे करून सांगितलं. तुम्ही हात पुसलेत आणि एका पाकिटाच्या मागे इंग्रजी अक्षरांत 'साटा' असं लिहून घेतलंत. तो कागद तुमच्या पाककृतींच्या पत्र्याच्या डब्यात अजून आहे, हे मला माहीत आहे.

मैत्रिणींसाठी आतलं सारणही लिहून ठेवते. नऊ इंची थाळीला बिया काढलेल्या सहा कप चेरी, एक कप साखर, चार मोठे चमचे कॉर्नफ्लोअर, चिमूटभर मीठ आणि बदामाच्या अर्काचे चार थेंब. बदाम आणि चेरी एकाच कुळातले, म्हणून तो वास परका वाटत नाही. वरून पट्ट्यांची जाळी विणायची. आधी 425 अंश फॅरनहाइटला, म्हणजे साधारण 220 सेल्सिअसला, वीस मिनिटं. मग 375 वर आणून आणखी चाळीसेक मिनिटं. पण तुम्ही घड्याळाकडे बघत नव्हतात, जाळीच्या मधोमध बघत होतात. आधी रस पातळ असतो, कडेला भराभर बुडबुडे येतात. तेव्हा काढायचा नाही. मधोमध पिठल्यासारखं सावकाश रटरटायला लागलं की झालं, तेव्हाच कॉर्नफ्लोअर शिजून रस धरतो. त्यानंतर चार तास हात लावायचा नाही. माझ्या पहिल्या वेळचा रस ताटात का गेला, ते त्या चार तासांत कळलं.

त्याच वेळात तुम्ही मला गाडीतून ओल्ड मिशनच्या भूशिरावर नेलंत. दोन्ही बाजूंना निळं पाणी आणि मध्ये उतारावर चेरीच्या रांगा. 1852 साली पीटर डॉहर्टी नावाच्या मिशनऱ्याने तिथे चेरी लावली, आणि आज अमेरिकेतल्या आंबट चेरीचा मोठा वाटा मिशिगनमधून येतो. एवढ्या थंडीत फळ कसं तगतं, असं मी विचारलं. तुम्ही पाण्याकडे बोट केलंत. वसंतात सरोवर थंड असतं, त्याचा वारा झाडांना लवकर फुलू देत नाही, आणि फुलं उमलेपर्यंत गोठवणाऱ्या दहिवराचे दिवस बहुतेक सरतात. मग 2012 चं सांगताना तुमचा आवाज उतरला. मार्चमध्येच उन्हाळ्यासारखं ऊन पडलं, कळ्या फसल्या, एप्रिलच्या दहिवराने त्या जाळल्या आणि राज्यातलं आंबट चेरीचं जवळजवळ सगळं पीक गेलं. तुमच्या परसातल्या झाडावरही त्या वर्षी काही नव्हतं. अवकाळी पावसात आंब्याचा मोहोर काळा पडल्यावर माझे बाबा असेच बोलतात. ते बागेबद्दल एवढंच सांगतात आणि गप्प होतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की या गावातलं मला काहीतरी कळतं.

आता मुख्य गोष्ट. पुढच्या वर्षी आपण चर्चच्या विक्रीसाठी सहा चेरी पाय करत होतो. संधिवाताने तुमची बोटं चिमटीत येईनात, म्हणून तुम्ही कडा काट्याने दाबत होतात. मी विचारलं, एक मी करू का? आणि दिवाळीत करंजीला घालते तशी मुरड घातली. कड दाबायची, तिचं टोक आत दुमडायचं, त्यावर पुढचं टोक, असं सगळीकडून. तुम्ही चश्मा लावलात आणि पूर्ण गोल होईपर्यंत एक शब्द न बोलता बघत राहिलात. मग उरलेल्या पाचही थाळ्या माझ्याकडे सरकवल्यात. त्या दिवशी विक्रीच्या टेबलाशी येणाऱ्या प्रत्येकाला तुम्ही सांगत होतात, ही कड माझ्या शेजारणीची आहे, तिच्या आईची रीत आहे. तेव्हापासून तुमच्या घरच्या एकाही चेरी पायला काटा लागला नाही.

आजी, नव्या माणसाला मदत करायला इथे पुष्कळजण पुढे आले आणि त्यांचेही उपकार आहेतच. पण माझ्या हातातलं काही मागून घेणाऱ्या आणि आपल्या घरच्या रीतीत त्याला जागा देणाऱ्या तुम्ही पहिल्या. त्यानंतर मी या गावात पाहुणी राहिले नाही. आभार मानायचे आहेत ते याचे.

गेल्या शरदात तुम्ही मुलाकडे राहायला गेलात. निघताना तुम्ही काय करून ठेवलंत, ते मला या जुलैत कळलं. तुमच्या घरात आता राहणारी ताई शिडी आणि बादली घेऊन दारात आली. म्हणाली, घर घेतानाच आजींनी सांगितलंय, अर्धं झाड शेजारणीचं. मला तिच्याशी नीट बोलताच आलं नाही. आम्ही दोघी झाडावर चढलो. शेंड्याकडच्या चेरी तुम्ही सोडायचात तशाच रॉबिन पक्ष्यांसाठी सोडल्या. मी तिला आकडा दाखवला.

एक गोष्ट तुम्हांला इतकी वर्षं सांगायची राहिली होती. आमच्याकडे गौरीला निरोप देताना मुरडीचा कानवला देतात. मुरडणं म्हणजे मागे वळणं. गेलेलीने वळून पुन्हा यावं, म्हणून तिच्याबरोबर मुरड द्यायची.

बिया काढलेल्या सहा कप चेरी साखर लावून फ्रीझरमध्ये ठेवल्या आहेत, पिशवीवर तुमचं नाव आहे. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मुलाबरोबर याल, तेव्हा पारी तुम्ही करा. कड मी घालते.

तुमची,
कुंपणापलीकडची शेजारीण