बसऱ्याला गेलेल्या शिपायाचं नाव शोधताना

प्रिय दत्ता,
सप्रेम नमस्कार.

पदकांचे फोटो मिळाले. तुझ्या पणजोबांच्या थोरल्या भावाचं नाव गावात दगडावर कोरायचं ठरवलंस, फार चांगलं केलंस. कोकणात आणि साताऱ्याकडे गावोगावी ज्या जुन्या संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवर नुसते आकडे असतात : या गावातून इतके जण १९१४-१९१९च्या महायुद्धात गेले, पैकी इतक्यांनी प्राण दिले. इराकमधल्या बसऱ्याच्या स्मारकावरही तेच झालं. जिथे पुरलं किंवा दहन केलं ती जागा माहीत नाही, अशा चाळीस हजारांवर लोकांसाठी ते १९२९ साली उभं राहिलं. पण त्यावर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली आणि भारतीय शिपायांची पलटणवार फक्त संख्या. हा दुजाभाव युद्धकबर आयोगाने (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, युद्धातल्या मृतांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारी संस्था) स्वतःच चौकशी करून मान्य केला, तोही २०२१ साली! त्या शिपायाचं नाव, हुद्दा आणि नंबर बिनचूक कोरणं हे शंभर वर्षं थकलेलं देणं आहे, असं मी मानतो.

एक विनंती आधी करतो. पदकं घासूनपुसून चकचकीत करू नकोस. राजाचं डोकं असलेल्या चांदीच्या पदकाच्या कडेवर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण अशी बारीक अक्षरं ठोकलेली असतात. पॉलिशने आधी तीच झिजतात. पदक भिंगाखाली धर आणि बॅटरीचा उजेड बाजूने तिरका पाड. अक्षरांच्या खाचांत सावली पडते आणि पुसट नंबरही वाचता येतो. राजाचं डोकं असलेलं पदक चांदीऐवजी काशाचं निघालं, तर माणूस बहुधा लढाऊ शिपाई नसून भिस्ती, खेचरवाला अशा कामांवर होता. (पंख असलेल्या देवतेचं पदक मात्र सगळ्यांचंच काशाचं असतं, त्यावरून काही ठरवू नकोस.) घरात साधारण १२ सेंटिमीटरची, सिंह असलेली गोल काशाची चकती असेल तर तीही शोध. ती मृताच्या वारसांना मिळे. तिच्यावर फक्त नाव असतं; हुद्दा मुद्दामच घातलेला नाही, सगळे सारखे.

नंबर हाती आला की आयोगाच्या ऑनलाइन नोंदींत शोध घे. नावाने शोधशील तर दमशील. कारकुनांनी आपली आडनावं कानाला जशी आली तशी लिहिली : जाधवचं जादव, पवारचं पोवार, शिंदेचं सिंदिया. शिवाय पुष्कळदा आडनावच नसतं. म्हणून नंबर आणि पलटण अशी जोडी घाल. नंबर पलटणीपुरताच असे, तोच दुसऱ्या पलटणीतही सापडेल. पलटणीच्या नावात 'मराठा' लिहिताना 'आर'च्या आधी 'एच' आणि पुढे दोन 'टी' घाल. गाव तळकोकणातलं असल्याने जिल्हा रत्नागिरी बघ. सिंधुदुर्ग १९८१ साली झाला. नोंदीत बापाचं किंवा बायकोचं नाव असेल, ते घरच्या वंशावळीशी जुळलं की माणूस पक्का.

तुझ्या फोटोत पलटण १०३ वाचता येते. ही मराठा लाइट इन्फंट्री २२ नोव्हेंबर १९१५ला बगदादजवळ टेसिफॉनला तुर्कांशी लढली आणि मग इराकमधल्याच कूत-अल-अमारा इथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, म्हणजे जवळजवळ पाच महिने. शेवटी अन्न संपलं आणि सुमारे तेरा हजार लोक कैद झाले. त्यामुळे मृत्यूची तारीख नीट बघ. वेढ्यातली असेल तर गोळी, उपासमार किंवा आजार. एप्रिलनंतरची असेल तर बहुधा कैदेतली पायपीट. पण त्याच पलटणीचे काही लोक वेढ्याबाहेर, वेढा फोडायला आलेल्या फौजेतही होते, म्हणून नुसत्या तारखेवरून पाटीवर 'कूतच्या वेढ्यात' असं लिहू नकोस.

नोंद सापडली नाही म्हणून हाय खाऊ नकोस. आयोग ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातले सेवेतले मृत्यू धरतो. राहून गेलेलं नाव दाखल करायला किंवा चूक दुरुस्त करायला अर्ज करता येतो. त्यासाठी त्या काळचा पुरावा लागतो. पेन्शनचा कागद, पलटणीचं पत्र, पदकाच्या कडेचा स्पष्ट फोटो, काहीही चालेल. घरात ऐकलेली हकीकत एवढ्यावर ते नाव घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे.

पाटीचं म्हणशील तर अक्षरं दगडात खोदूनच घे, नुसती रंगवून नको. कोकणच्या पावसात संगमरवर हळूहळू झिजतो, ग्रॅनाइट टिकतो. जुन्या पाटीला हात लावू नका. ती साफ करायची तर पाणी आणि मऊ ब्रश, ॲसिड अजिबात नको, संगमरवर त्यात विरघळतो. मजकूर : नंबर, हुद्दा, नाव, पलटण, मृत्यूची तारीख, ठिकाण. कडेच्या अक्षरांचे फोटो पुन्हा काढून पाठव, शिपायाच्या नंबरातला तिसरा आकडा तीन आहे की आठ ते कळत नाही. तो पक्का होईपर्यंत पाथरवटाला मजकूर देऊ नकोस.

तुझा,
सुधाकर