व्यवसायोपचार म्हणजे मेणबत्त्या नव्हेत

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला विशेष मुलांवरचा लेख वाचला आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. ‘व्यवसायोपचार म्हणजे या मुलांना मेणबत्त्या, पाकिटं करायला शिकवून स्वतःच्या पायावर उभं करणं’ असं आपण छापलंय. पुढे ‘लहान मुलांकडून मात्र नुसते खेळ करून घेतात’ असंही आहे. दोन्ही चूक आहे, आणि नेमक्या याच गैरसमजापायी माझ्या मुलाची दोन वर्षं वाया गेली.

साडेचार वर्षांचा झाला तरी त्याला शर्टाचं बटण लावता येत नव्हतं. खडू मुठीत धरायचा, खुर्चीवरून पाच मिनिटांत घसरायचा, डोक्याला तेल लावलं की किंचाळायचा. डॉक्टरांनी ‘ओटीला दाखवा’, म्हणजे ऑक्युपेशनल थेरपिस्टला, व्यवसायोपचार करणाऱ्यांना दाखवा, म्हणून चिठ्ठी दिली. एवढ्याशा पोराला कसला आलाय व्यवसाय, असं म्हणून आम्ही ती देव्हाऱ्याखालच्या खणात टाकली. मुलगे उशिराच शिकतात, असं सासूबाई म्हणाल्या आणि मलाही तेच ऐकायचं होतं. शाळेत अक्षर सुधारावं म्हणून बाईंनी बोटांवर पट्टी मारली. पहिलीत तो वही दिसली की पलंगाखाली जाऊन बसू लागला, तेव्हा मी खण उघडला.

मग दीड वर्ष, आठवड्यातून दोनदा, कोरेगाव ते सातारा एसटीनं. पहिल्या दिवशी ओटीच्या मॅडमनी पेन्सिल हातात दिलीच नाही. पाय धरून त्याला हातांवर चालवलं. झोपाळ्यावर पालथं झोपवून खालचे ठोकळे उचलायला लावले. याचे पैसे कशाला द्यायचे, म्हणून मीही चिडले होते. त्यांनी मला जवळ बसवून सांगितलं, ‘पाठ आणि खांदा धरत नाही तोवर बोटांनी पेन्सिल कशी पेलायची, ताई?’ घरी कणकेच्या गोळ्यात हरभरे लपवून शोधायला द्या, कपडे वाळत घालताना चिमटे त्याच्याकडून लावून घ्या, अंघोळीनंतर अंग दाबून पुसा, हलका हात त्याला बोचतो. बटणं खालून वर लावायला शिकवली, कारण खालचं बटण डोळ्यांना दिसतं, गळ्याचं दिसत नाही. दुसरीत असताना एका सकाळी त्यानं गणवेशाची सगळी बटणं एकट्यानं लावली आणि मला हाक न मारता दारात येऊन उभा राहिला. माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली.

संपादकसाहेब, हा आहे व्यवसायोपचार. जेवणं, कपडे घालणं, खेळणं, लिहिणं हाच त्या वयाचा व्यवसाय.

सातारा जिल्ह्यात खपणाऱ्या पेपराला एक गोष्ट तरी ठाऊक हवी होती. व्यवसायोपचाराचं शिक्षण भारतात सुरू केलं ते कमलाबाई निंबकर यांनी, १९५० साली, मुंबईच्या केईएम रुग्णालयात. जन्मानं त्या अमेरिकन. त्यांच्या नावाचं बालभवन आपल्या फलटणला आहे. लेखात त्यांचा उल्लेखसुद्धा नाही.

त्याहून जास्त राग या गोष्टीचा आला, की आईबापांच्या उपयोगाचं लेखात काहीच नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा तपासणी पथक येतं, आणि ज्या मुलात अडचण दिसते त्याला जिल्ह्याच्या केंद्रात फुकट पाठवण्याची सोय त्यात आहे. दिव्यांगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात स्वमग्नता (ऑटिझम), सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा न राहणं) आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता (लिहिण्या-वाचण्यात, गणितात येणारी अडचण) धरून अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. हे चार ओळींत बसलं असतं. म्हसवडकडची, पाटणच्या डोंगरातली एखादी आई ते वाचून अंगणवाडीताईंना विचारायला गेली असती.

आणि आता लिहितेच आहे तर तेही सांगते. दर ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, आपण या मुलांना केळी वाटतानाचे फोटो छापता. पाहुण्यांची नावं ओळीनं असतात. मुलांची तोंडं मात्र सगळ्यांना दिसतील अशी छापलेली असतात. त्यांच्या आईबापांना कुणी विचारतं का? यंदा तरी विचारा.

खुलासा छापणार असाल तर त्याच पानावर, तेवढ्याच मोठ्या अक्षरात छापा. आतल्या पानावर कोपऱ्यात नको.

आपली,
एक आई, कोरेगाव (जि. सातारा)