५३ गुण खाली, ४६ गुण वर

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

स्कॉटलंडच्या अव्वल फुटबॉल लीगचा २०१०-११ चा तक्ता पाहिला की छपाई चुकली असं वाटतं. मदरवेल ४६ गुणांवर सहावा आणि इन्व्हरनेस ५३ गुण घेऊन सातवा! तक्ता मात्र बरोबर आहे.

तिथे संघ १२. प्रत्येक जण प्रत्येकाशी तीनदा खेळतो, म्हणजे ३३ सामने. चौथी फेरी पूर्ण खेळवली तर ४४ होतात; १९९१ ते ९४ दरम्यान तेही करून झालं. ४४ फार होतात, म्हणून २०००-०१ पासून ३३ सामन्यांनंतर तक्ता मधोमध तोडतात. वरचे सहा आपसांत, खालचे सहा आपसांत, आणखी पाच सामने. एकूण ३८. आधीचे गुण कायम राहतात, पण खालच्या गटातल्याने कितीही जिंकलं तरी तो सातव्याच्या वर जात नाही.

यात एक खोट आहे. ३३ हा आकडा विषम, त्यामुळे घरच्या मैदानावर कुणाचे १७ सामने, कुणाचे १६. शेवटच्या पाचांत ते १९-१९ करायचे, तर वरचे सहा कोण असतील याचा अंदाज हंगामाआधीच बांधावा लागतो. तो चुकला की एखाद्या संघाला एकाच प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर तिसऱ्यांदा जावं लागतं.

आपल्याकडे तालुक्याची स्पर्धा एकाच मैदानावर होते, तेव्हा ही खोट आपल्याला बाधत नाही. उलट बाद पद्धतीत मेटॅडोर भाड्यानं करून आलेला संघ तासाभरात परतीला लागतो, तो तोटा या पद्धतीत टळतो. १२ गावांनी एकच फेरी खेळावी: ११ रविवार, रोज सहा सामने. मग तक्ता तोडून पाच रविवार. एकूण ९६ सामने. ३५-३५ मिनिटांचे दोन डाव, मध्ये दहा मिनिटं, पुढच्या संघांना मैदानात यायला दहा. सकाळी आठला सुरू केलं तर पाचला आटोपतं. डिसेंबरात सहानंतर चेंडू दिसतही नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत अकरा पोरं जमत नाहीत, म्हणून नोंदणी १८ जणांची ठेवावी, आणि तक्ता तुटल्यावर नवं नाव घेऊ नये. नाहीतर वरच्या सहांत शिरलेला संघ बाहेरून खेळाडू आणतो.

काळ्या जमिनीला शुक्रवारी पाणी द्यावं, वाफसा आला की शनिवारी रोलर. शनिवारी पाणी मारलं तर रविवारी चेंडूपेक्षा बुटालाच माती जास्त. मारलंच नाही तर फेब्रुवारीत भेगांत पाय अडकून घोटे मुरगळतात.

शेवटच्या रविवारी मात्र शेजारच्या गावांची आणखी दोन मैदानं मागून घ्यावीत, वरच्या सहांचे तिन्ही सामने एकाच वेळी सुरू करायला. २००२-०३ मध्ये स्कॉटलंडच्या याच लीगमध्ये रेंजर्स आणि सेल्टिक या दोन्ही संघांचे ९७ गुण झाले आणि विजेतेपद हंगामभराच्या गोलफरकातल्या एका गोलनं ठरलं. एक सामना आधी संपला असता, तर दुसऱ्या मैदानावरच्यांना नेमके किती गोल हवेत ते कळलं असतं.

– फुटबॉलप्रेमी वाचक, आर्णी (जि. यवतमाळ)