तक्रार पत्र : शिबिराला हजर, तारखेला गैरहजर

प्रति,
ज्येष्ठ भागीदार वकील,
आपले सांगली येथील कार्यालय

विषय : तासगाव दिवाणी न्यायालयातील माझ्या वाटपाच्या दाव्याकडे झालेले दुर्लक्ष, दिलेल्या पैशांचा हिशेब आणि फाइल परत मिळण्याबाबत.

महोदय,

मी आपली अशील. विश्रामबागेत मेस चालवते. आमच्या माहेरची तासगाव तालुक्यात अडीच एकर द्राक्षबाग आहे. वडील २०१७ साली वारले. वारस नोंद करताना भावांनी आपली नावं सातबाऱ्यावर कब्जेदार म्हणून लावून घेतली आणि आम्हा दोघी बहिणींची नावं 'इतर हक्क'च्या रकान्यात ढकलली. धाकटीने पुढे हक्कसोडपत्रावर सही करून दिली. मी दिली नाही. त्या जमिनीच्या वाटपाचा दावा मी आपल्या फर्ममार्फत लावला आहे. ऑफिसातल्या क्लार्कना तोंडी सांगून झालं, ज्युनिअर मॅडमना सांगून झालं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून झालं. निळ्या खुणा येतात, उत्तर येत नाही. म्हणून हे पत्र स्पीड पोस्टाने पाठवत आहे.

आपली ओळख कुठे झाली ते आपल्या लक्षात नसेल, कारण आपली शिबिरं पुष्कळ होतात. २०२४ च्या महिला दिनाला आमच्या गावात मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात आपल्या फर्मचं कायदेविषयक शिबिर होतं. मी आईला भेटायला गेले होते, तिथून उठून शिबिराला आले. आपण उत्तम बोललात, हे मी आजही म्हणेन. हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्मापासून मुलाइतकाच हक्क आला. ९ सप्टेंबर २००५ ला, म्हणजे दुरुस्ती लागू झाली त्या दिवशी, वडील हयात असले पाहिजेत असं काही नाही, हे सुप्रीम कोर्टाने विनीता शर्मा खटल्यात ११ ऑगस्ट २०२० ला स्पष्ट केलं. हे सगळं आपण शेंगा फोडून दाणे हातावर ठेवावेत इतकं सोपं करून सांगितलंत. माझ्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या काकूंनी तर दोनदा मान डोलावली. लोकअदालतीचंही सांगितलंत : तिथे तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते, निवाड्यावर अपील नसतं, भांडण तिथेच मिटतं. शेवटी प्रत्येकीच्या हातात एक फोल्डर पडलं, त्यावर फर्मचं नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर.

एवढ्या सगळ्यात एक वाक्य राहून गेलं. विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७, कलम १२. या कलमाप्रमाणे महिलेला सरकारी खर्चाने वकील मिळतो आणि त्यासाठी तिच्या उत्पन्नाची अट नाही. इतर बऱ्याच जणांना महाराष्ट्रात वार्षिक ३ लाखांची मर्यादा आहे, बाईला तीही नाही. अर्ज तालुका विधी सेवा समितीकडे करायचा, नाहीतर १५१०० या नंबरवर फोन करायचा. हे मला पुढे तासगाव कोर्टाच्या आवारातल्या फलकावर वाचायला मिळालं, तेही आपले ज्युनिअर येतील म्हणून वाट बघत उभी असताना. तोवर वकीलपत्रावर सही करून मी आपल्याला २५,००० रुपये दिलेले होते आणि नंतर 'टायपिंग', 'स्टँप', 'किरकोळ' या नावांनी आणखी १५,०००. मेसचं ताट सत्तर रुपयांना जातं. चाळीस हजारांची किती ताटं होतात हा हिशेब मी इथे मांडत नाही, पण मला तो येतो.

फी घेणं गैर आहे असं माझं म्हणणं नाही. सगळं माहीत असतं तरी कदाचित मी आपल्यालाच वकील केलं असतं, कारण आपलं बोलणं पटलं होतं. पण महिला दिनाला, महिलांसाठी भरवलेल्या, मोफत म्हणवणाऱ्या शिबिरात महिलांच्या कामाचं नेमकं हेच कलम गाळलं जावं आणि फोल्डर मात्र एकीचंही चुकू नये, याला मी योगायोग म्हणायला तयार नाही. वकिलांनी जाहिरात करून किंवा आडून कामं गोळा करू नयेत, असा बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांत ३६ वा नियम आहे. सभामंडपातलं फोल्डर त्यात बसतं की नाही हे आपल्याला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आता कामाचं. दावा लावताना आपण दोन गोष्टी तातडीच्या आहेत म्हणाला होतात. पहिली म्हणजे भावांनी जमीन विकू नये यासाठी तूर्तातूर्त मनाईचा अर्ज, ज्याला आपल्या ऑफिसात सगळे 'निशाणी ५' म्हणतात. दुसरी म्हणजे दावा चालू असल्याची, लिस पेंडन्सची नोटीस दुय्यम निबंधकाकडे नोंदवणं, म्हणजे घेणाऱ्याला आधीच कळेल की जमीन कोर्टात आहे. नोटिशीसाठीचे पैसे त्याच दिवशी घेतलेत. ती नोटीस आजपर्यंत नोंदवलेली नाही. मी स्वतः दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन विचारलं. इकडे आमच्या बागेच्या रस्त्याकडेच्या दहा गुंठ्यांवर एजंट लोक गिऱ्हाइकांना घेऊन फिरतात, हे मला गावातून कळतं. आपल्याला मी ते कळवलं, त्यावर 'बघतो' असं उत्तर आलं. कोण बघतंय ते कळलं नाही.

निशाणी ५ चं तर त्याहून वाईट. आपल्या ऑफिसातून मला तारीख कधीच कळत नाही. माझ्या मेसमध्ये जेवणाऱ्या वालचंद कॉलेजच्या एका मुलाने फोनमध्ये ई-कोर्ट्सचं ॲप घालून दिलं, त्यात सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक दाव्याला मिळालेला स्वतंत्र नंबर, टाकला की पुढची तारीख दिसते, आधीच्या तारखेला काय झालं तेही दिसतं. फुकट. ही सोय आपल्यापैकी कुणी मला का सांगितली नाही, असं मी त्या मुलालाच विचारलं. तो हसला आणि पोळी मागून निघून गेला.

त्या ॲपमुळेच मला जूनमधली तारीख कळली. निशाणी ५ वर युक्तिवादासाठी ती तारीख होती. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा 'आज कोर्ट बसलं नाही' असं ऑफिसातून सांगण्यात आलं. मी रोजनाम्याची, म्हणजे प्रत्येक तारखेला काय झालं त्याच्या कोर्टातल्या नोंदीची, नक्कल काढली. कोर्ट बसलं होतं. प्रतिवादी हजर होते, त्यांचे वकील हजर होते. वादीतर्फे कोणी हजर नाही अशी नोंद आहे आणि वादीने ५०० रुपये खर्च द्यावा या अटीवर पुढची तारीख दिली आहे. त्याच दिवशी आपल्या फर्मच्या स्टेटसवर जिल्हा परिषद शाळेत दप्तरवाटपाचे फोटो होते. माझे वकील म्हणून वकीलपत्रावर ज्यांच्या सह्या आहेत ते तिघेही त्या फोटोत आहेत. तिघांपैकी एकालाही तासगावला जाता आलं नसतं का? दप्तरं दुपारी चारनंतर वाटली असती तर पोरांना ती कमी आवडली असती असं मला वाटत नाही.

दिवाणी प्रक्रिया संहितेत एका पक्षाला सुनावणी चालू असताना तीनपेक्षा जास्त तहकुब्या देऊ नयेत असं लिहिलेलं आहे म्हणे. माझ्या रोजनाम्याची पानं बघताना ते आठवून मला हसू आलं. पण समोरच्याने वेळ मागावी हे समजू शकतं, त्याच्या ताब्यात जमीन आहे. आपल्याच बाजूने उशीर व्हावा आणि त्याचा दंडही आपल्याच अशिलावर पडावा, याला काय म्हणायचं?

लोकअदालतीची गोष्टही अशीच झाली. थोरल्या भावाने मामांकरवी निरोप पाठवला होता की विहिरीकडचा तुकडा सोडून बाकी बोलू. मी लगेच आपल्या ऑफिसात येऊन म्हटलं, राष्ट्रीय लोकअदालतीत प्रकरण ठेवा, बसून बघू. मला सांगण्यात आलं की लोकअदालतीत कुणाला काही मिळत नसतं. सभामंडपात ऐकलं होतं ते वेगळंच होतं. मामांचं वय झालं आहे, ते रोज रोज निरोप्याचं काम करणार नाहीत. शिवाय दावा लावल्यापासून माझ्यासाठी भाऊबीज बंद आहे, तेव्हा जी एक फट उघडी झाली होती ती ऑफिसातल्या खुर्चीत बसून बंद करण्याचा अधिकार आपल्या माणसांना मी दिलेला नव्हता.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. सांगली, सातारा, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांच्या लोकांची मुंबईची वारी टळली, चांगलंच झालं. त्यानंतर आठवड्याभरात आपल्या ऑफिसातून मला पहिल्यांदा, न मागता, फोन आला : आता कोल्हापूर जवळ आलंय, हायकोर्टात जाऊया, फी वेगळी पडेल. मी विचारलं, कशाविरुद्ध? खालच्या कोर्टात माझ्या अर्जावर अजून हुकूमच झालेला नाही. पलीकडच्या बाई 'साहेबांना विचारून सांगते' म्हणाल्या. साहेबांना विचारलं असेल तर उत्तर या पत्राच्या उत्तरासोबतच द्यावं.

आपल्या समाजकार्याबद्दल मला आकस नाही, हे मुद्दाम लिहिते. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. पाणी ओसरल्यावर आपल्या फर्ममधली मुलं गावभागात टेबल टाकून बसली होती. माझ्या नणंदेचं खरेदीखत चिखलात गेलं होतं. दुय्यम निबंधकाकडून त्याची नक्कल कशी काढायची, कागद हरवल्याचं प्रतिज्ञापत्र कसं करायचं, हे तिला तिथेच लिहून मिळालं आणि कुणी एक पैसा घेतला नाही. ते काम वकिलांशिवाय दुसऱ्या कुणाला जमलं नसतं. दप्तरं आणि रोपं वाटायला सांगलीत मंडळं भरपूर आहेत, गणेशोत्सवात वर्गणी द्यायला व्यापारी आहेत. कायदा माहीत असलेली माणसं थोडी आहेत. आपण पुराच्या वेळी जे केलंत तेच शिबिरात करा, एवढं माझं म्हणणं. पुढच्या शिबिराच्या बॅनरवर आपल्या नावाखाली कलम १२ आणि १५१०० हा नंबर छापलात, तर या पत्रातला अर्धा राग मी सोडून देईन. उरलेला अर्धा कामाचा आहे, तो सुटणार नाही.

मला काय हवं आहे ते सांगते. मी दिलेल्या ४०,००० रुपयांचा लेखी हिशेब आणि पावत्या द्याव्यात. अशिलाच्या पैशाचा हिशेब ठेवणं बार कौन्सिलच्या नियमांनी वकिलावर बंधनकारक आहे, तेव्हा तो तयारच असेल. लिस पेंडन्सच्या नोटिशीचे घेतलेले पैसे आणि कोर्टाने लावलेला ५०० रुपयांचा खर्च माझ्याकडून वसूल झालेला आहे, तो परत मिळावा. माझी फाइल, त्यात जुने फेरफार उतारे, फाळणी नकाशा आणि वडिलांच्या हस्ताक्षरातली बागेच्या खर्चाची वही आहे, ती जशीच्या तशी परत मिळावी. फी बाकी आहे म्हणून कागद अडवता येत नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने २००० सालीच आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितलं आहे. माझ्याकडे तर फी बाकीही नाही. आणि दुसरा वकील देण्यासाठी वकीलपत्रावर नाहरकत सही करून द्यावी. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज मी भरून ठेवला आहे.

ग्राहक आयोगाची भीती मी आपल्याला घालणार नाही. वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्यात येत नाही, असा निकाल सुप्रीम कोर्टाने १४ मे २०२४ ला दिला आहे, ते वाचलं. गिरणीवाल्याने पीठ जाड दळलं तर त्याच्यावर तक्रार चालते आणि वकील तारखेला आला नाही तर चालत नाही, हे माझ्या बुद्धीला पटलेलं नाही, पण निकाल तो निकाल. अधिवक्ता अधिनियम, १९६१ च्या कलम ३५ खाली महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलकडे तक्रार करण्याचा रस्ता मात्र उघडा आहे. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आणि फाइल मिळाली नाही, तर हेच पत्र रोजनाम्याच्या नकलेसह तिकडे जाईल. नवीन तारीख पुढच्या महिन्यात आहे आणि नव्या वकिलांना कागद वाचायला वेळ हवा, म्हणून पंधरा दिवस.

फोन करायचा असेल तर दुपारी तीन ते पाच या वेळात करावा. बाकी वेळ मेसची गर्दी असते. फाइल घ्यायला मी स्वतः येईन, पोच सही करून देईन.

आपली अशील
(वादी, वाटपाचा दावा)

सोबत : रोजनाम्याची नक्कल, व्हॉट्सअ‍ॅप संदेशांच्या प्रती, पैसे पाठवल्याच्या बँक नोंदी