चौकात चालत राहिलेल्या आया

महोदय,

२४ मार्च १९७६ रोजी अर्जेंटिनात लष्कराने सत्ता बळकावली आणि माणसे राहत्या घरांतून उचलली जाऊ लागली. मानवाधिकार संघटना बेपत्तांचा आकडा ३० हजार सांगतात. ३० एप्रिल १९७७ ला बेपत्तांच्या काही आया राजधानी ब्युनॉस आयर्सच्या प्लाझा दे मायो चौकात जमल्या. घोळक्याने उभे राहायला पोलिसांची मनाई, म्हणून त्या चालत राहिल्या. पुढे त्यांनी डोक्याला पांढरे कापड बांधले. ते मुळात बाळाचे लंगोट होते! त्यांना एकत्र आणणाऱ्या असुसेना विलाफ्लोर यांनाच डिसेंबर १९७७ मध्ये पळवून नेण्यात आले. त्यांच्या अवशेषांची ओळख पटायला २००५ उजाडले. रक्षा त्याच चौकात आहे. मुलाला शोधायला निघालेल्या आईलाच शोधावे लागावे, हे माझ्या मनातून जात नाही.

कैदेत जन्मलेली बाळे परक्यांना दिली गेली. आज्यांच्या संघटनेने त्यांपैकी अनेक नातवंडे जनुकीय चाचण्यांच्या आधारे शोधून काढली. शोध अजून थांबलेला नाही.

तिथे २४ मार्च हा स्मृतिदिन आहे. आपल्या अंकातही त्या दिवशी या बेपत्तांसाठी थोडी जागा राखावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे